टिंबांची रोवणी

आंधळगावात नवीन आलेल्या माणसाला आमच्या घरमालकांचं दुकान दाखवायचं झालं, की लोक आधी एक वाक्य सांगतात आणि मग दुकान दाखवतात. "बाप होता तवा यानं डोस्कं केलं, अना बाप गेला तवा केस वाढवले." डोकं करणं म्हणजे मुंडण. घरातलं माणूस गेल्यावर मुलगा करतो ते. त्यामुळे ऐकणारा आधी दचकतो आणि मग हसतो. मीसुद्धा हसते. पण मी त्यांच्या मागच्या खोलीत काही वर्षं भाड्याने राहिले आहे आणि त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग माझ्या डोळ्यांसमोर घडला आहे.

मी तेव्हा तिथल्या आरोग्य केंद्रात नर्स होते. खोली बघायला गेले तर मालकांनी खोली दाखवलीच नाही, सरळ खिडकी उघडली. बाहेर बोडी होती, धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेततुकड्यांना, पाणी पुरवणारं लहानसं तळं. त्यावर शिंगाड्याचे वेल पसरले होते आणि एक बगळा काही काम नसल्यासारखा उभा होता.

"सिस्टर, पहाटे इथून धुकं आत येते. त्याले हाकलू नोका. ते आपल्या मनानं जाते."

मी विचारलं, नळाला पाणी किती वेळ असतं?

"ते काकूले विचारा. पान्याचं तिच्याकडे आहे, धुक्याचं माझ्याकडे."

अशा माणसाच्या घरात राहायचं की नाही, असा विचार मनात आला होता. पण काकू आतून चहा घेऊन आल्या, पाण्याची वेळ, संडासाची किल्ली आणि दाराची कडी कशी अडकते हे एका दमात सांगून गेल्या, आणि मला धीर आला. त्या घरात सगळी वर्षं असंच चाललं. काका धुक्याचं बघायचे आणि काकू बाकीचं.

काका तेव्हा पन्नाशीचे असतील. उंच, सडपातळ, मिशी कधी ठेवलीच नाही, आणि डोकं चकचकीत. कानांच्या वर तेवढी विरळ केसांची झालर. "लग्नात फेटा होता," काकू सांगायच्या, "फेट्याखाली काय आहे ते कोनं विचारते? घरी आल्यावर यायनं फेटा काढला, तवा मले समजलं." काका यावर हसायचे नाहीत. "त्या दिवशी थोडे होते अजून," एवढंच म्हणायचे.

आणि दुकान कशाचं, तर कंगव्यांचं! बांगड्या, रिबिनी, टिकल्या, आरसे, केसांची तेलं आणि दोऱ्याला ओवून टांगलेले रंगीबेरंगी कंगवे. आठवडी बाजारात त्यांची ताडपत्री पहिल्या रांगेत असायची. बाया मुद्दाम विचारायच्या, "का जी भाऊ, या तेलानं केस येतेत का?" काका बाटली पुसत म्हणायचे, "येतेत तर. मी तेल विकतो बाई, लावत नाही." कंगवा विकण्याआधी मात्र ते तो आपल्या उघड्या डोक्यावरून एकदा फिरवून बघायचे. दात टोचत असेल तर बाजूला ठेवायचे. "केसवाल्याले कंगवा कुठं लागते समजत नाही, टकल्याले समजते," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. आरसे मात्र सगळे रस्त्याकडे तोंड करून लावलेले. गिऱ्हाईक आपलं तोंड बघायचं आणि काका गिऱ्हाइकाच्या पाठीमागचं आभाळ बघत बसायचे.

सकाळी मी विहिरीवर पाणी काढायला गेले की काका दात घासत येऊन उभे राहायचे आणि रात्रीचं स्वप्न सांगायचे. त्यांच्या स्वप्नांत ते कधीच टकले नसायचे.

"आज सपनात मी नदीवर उभा होतो, सिस्टर. वारा होता. माहे केस तोंडात येऊन राहिले होते, मी बाजूले करून राहिलो होतो, ते पुन्हा येऊन राहिले होते. एवढा तरास झाला!" आणि त्या त्रासाच्या आठवणीने त्यांचा चेहरा उजळून निघायचा.

एकदा त्यांच्या डोक्यावर धान उगवलं होतं. ओंब्या भरल्या, पाखरं आली, आणि पाखरांना हाकलायला नको म्हणून ते स्वप्नभर मान न हलवता बसून राहिले. उठले तेव्हा मान खरंच आखडली होती. मी गोळी दिली. काकू चुलीजवळून म्हणाल्या, "सपनातच विंचरत जा मंग. दुकानातले कंगवे तरी खपतीन."

त्या घरात केसांची आशा धरून बसलेला आणखी एक माणूस होता. काकांचे वडील. गाव त्यांना आबाजी म्हणायचं. ऐंशी कधीच ओलांडलेले, अंगाने काटकुळे, पण हात अजून शेतकऱ्याचे, रुंद आणि जड. मुलाचे केस पंचविशीत गळायला लागले, तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी सकाळी ओसरीवर एक कार्यक्रम चालायचा. आबाजी वरच्या पायरीवर बसायचे, काका खालच्या. मध्ये पितळी वाटीत घरच्या जवसाचं तेल. म्हातारा मुलाच्या टकलावर ते तेल चोळत राहायचा. कपाळापासून मागे, मागून पुन्हा पुढे. बोलणं काही नाही. चोळून झालं की दोन्ही तळवे डोक्यावर घट्ट दाबायचे आणि म्हणायचे, "बीज हाये आत. मेलं नाही." मग काका उठून बाजाराला जायचे.

मी एकदा आबाजींना म्हटलं, "एवढ्या वर्षांत काही उगवलं का हो?" ते म्हणाले, "सिस्टर, धान चार महिन्यात येते. मोहाले वर्सं लागतेत. हे मोहाचं झाड समजा."

पुढे आबाजींची नजर जायला लागली. डोळ्याचा मागचा पडदा वाळत चालला होता. त्याला भंडाऱ्याच्या डॉक्टरांकडेही उपाय नव्हता. समोरचं पुसट व्हायचं, कडेकडेचं थोडं दिसायचं. समोरच्या माणसाकडे ते मान तिरकी करून बघायचे, कोंबडी बघते तसे. त्याच हिवाळ्यात काका एके सकाळी स्वप्न न सांगता विहिरीवर उभे राहिले. मोबाईलमध्ये त्यांनी एक व्हिडिओ लावला होता. नागपूरच्या एका क्लिनिकमधल्या बाई एका टकल्या माणसाच्या डोक्यावर मशीन फिरवत होत्या.

"हे खरं असते का, सिस्टर?"

मी त्यांना समजावून सांगितलं. यात केस येत नाहीत. अगदी बारीक सुईने डोक्याच्या वरच्या कातडीत रंगाची टिंबं देतात, हजारोंनी. लांबून बघणाऱ्याला वाटतं, केस आहेत आणि बारीक कापले आहेत.

"एक-एक टिंब देतेत?"

"एक-एक."

"म्हंजे रोवणीच झाली," ते म्हणाले. आमच्याकडे पाऊस पडल्यावर धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, बायका चिखलात एक-एक करून रोवतात, तसं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असणार. पुढे कितीतरी वेळ ते बोडीकडे बघत राहिले. मी कळशी उचलली तेव्हा म्हणाले, "बाबानं एवढी वर्सं पेरलं जी. डोळे जायच्या आधी एकदा तरी उगवलेलं दिसलं पायजे त्यायले. खोटं तर खोटं. त्यायले कुठं जवळून दिसते?"

मला त्यांची थट्टा करायची होती, ती तशीच राहिली. मी म्हटलं, "जा, काका."

लवकर येणारं हलकं धान विकून झालं होतं. काकूंनी दोन दिवस भांडून तिसऱ्या दिवशी स्वतःच डबा बांधून दिला. काका पहाटेच्या गाडीने गेले, ते दुपार कलल्यावर परत आले. डोक्यावर कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा सैलसा टाकलेला. आमच्या गावात विणकर पुष्कळ, त्यामुळे कोशाचं कापड घरात असतंच. आबाजी ओसरीवर बाजेवर बसले होते. काका त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि कापड उचललं.

खोटं कशाला सांगू, मी बघत राहिले. काम सुरेख झालं होतं. कपाळावर केसांची रेघ, थोडी वाकडीतिकडी, खरी वाटेल अशी. सगळ्या डोक्यावर काळसर सावली. टिंबांशी जुळावं म्हणून बाजूची झालर त्यांनी वस्तऱ्याने साफ केली होती. माणूस दहा वर्षांनी लहान दिसत होता.

"बाबा, पाहा."

आबाजींनी मान तिरकी केली. या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं रे?"

आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. नागपुरात बारीक कापलेलं डोकं म्हणजे फॅशन असेल, आंधळगावात त्याचा एकच अर्थ होतो. ज्याच्या डोक्यावर काल झालर होती आणि आज वस्तरा फिरला आहे, त्याच्या घरात कोणीतरी गेलं आहे.

काका म्हणाले, "कोनी नाही गेलं बाबा. केस आले माहे." पण तोवर बसस्टँडवरून त्यांना येताना पाहिलेले लोक जमायला लागले होते. शेजारचे म्हातारे विणकर आले, चपला बाहेर काढून भिंतीशी टेकून बसले. त्यांच्यामागे आणखी चार जण. बाया पदर डोक्यावर ओढून आत काकूंकडे गेल्या, तर काकू लसूण सोलत होत्या. ओसरीवर कोणी बोलेना. घरातलं म्हातारं माणूस तर समोर बाजेवर बसलेलं, मग गेलं कोण, हे जो तो नजरेने एकमेकांना विचारत होता.

"कोनी मेलं नाही जी!" काका ओरडले. "हे केस आहेत! टिंबं आहेत!"

माणसांनी समजूतदारपणे माना हलवल्या. शेजारचे विणकर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हाव बाप्पा, हाव. सोसा. होते असं सुरवातीले." दुःखाने याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांना वाटलं असावं.

मला हसू आवरेना म्हणून मी खोलीत पळाले. परत आले तेव्हा लोक चहा पिऊन, गोंधळून निघून गेले होते आणि आबाजी बोटं मोडत काहीतरी जुळवत होते.

"तुह्या मायले जाऊन तर लय वर्सं झाली," ते मुलाला म्हणाले. "भाऊ तुले नाही. काका तुहा मागंच गेला. सून तर आत बोलून राहिली." मग फारसं आश्चर्य न वाटता म्हणाले, "मंग मीच गेलो असन."

आम्हाला वाटलं, म्हातारा थट्टा करतो आहे. पण रात्री ताट वाढलं तर त्यांनी ते सरकवलं. "मेलेल्याले पिंड असते. ताट नसते."

दुसऱ्या दिवशीही तेच. न रडणं, न चिडणं. बाजेवर पडून राहिले आणि विचारलं तर सांगायचे, "बरं हाये इथं. थंड हाये. तुमचे आवाज दुरून येतेत, बोडीच्या पलीकडून आल्यासारखे." मी त्यांची नाडी धरली आणि म्हटलं, "आबाजी, ही बघा, चालू आहे." त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि कळवळून म्हणाले, "सिस्टर, तुमी बी? एवढ्या लवकर?"

काकूंनी आपल्या परीने तोड काढली. पाण्याच्या प्रत्येक चमच्यात तुळशीचं पान घालायला लागल्या. गेलेल्या माणसाच्या तोंडात घालतात तसं ते पाणी आबाजी निमूट घ्यायचे, म्हणून घशाखाली थोडं तरी जात होतं. मग त्यांनी पान वाढून अंगणात ठेवलं. "मामाजी, पित्राचं पान समजून तरी जेवा." सासऱ्यांना मामाजी म्हणायची पद्धत आहे. आबाजी म्हणाले, "आधी कावळा शिवू दे." कावळा आला, भात उचलून गेला. काकूंना वाटलं जिंकलो. तर आबाजी तोंड पुसून म्हणाले, "झालं. भरलं पोट." आणि कुशीवर वळले.

मी भंडाऱ्याला नेऊ म्हटलं, सलाईन लावू म्हटलं. "मेलेल्याले घाटावर नेतेत, पोरी. दवाखान्यात कायले?" हाताला सुई लावू देईनात. त्या वयात अन्न तुटलं की माणूस दिव्यासारखं मंद होत जातं, हे मी पाहिलेलं होतं. आवाज बारीक व्हायला लागला होता. मला भीती वाटायला लागली, आणि भीती वाटली की मी चिडते. मी काकांवर चिडले.

कारण दुसरीकडे काकांची टिंबं जपणं चालू होतं. क्लिनिकच्या बाईंनी सगळं मोबाईलवर बोलून पाठवलं होतं आणि काका ते दिवसातून पाचदा लावून ऐकायचे. डोकं ओलं करायचं नाही. घाम येऊ द्यायचा नाही. उन्हात जायचं नाही. तेल नाही, साबण नाही. बारीक खपल्या धरतील, खाज येईल, पण नख लावायचं नाही. खपल्या आपोआप पडू द्यायच्या, नाहीतर त्यांच्याबरोबर रंगही निघून जाईल. कुणाचा हात लागू द्यायचा नाही. काकांनी यातलं एकही मोडलं नाही. खळ्यावर उरलेल्या भारी धानाची मळणी चालली होती, पण कोंड्याची धूळ उडते म्हणून ते तिकडे फिरकले नाहीत. काकू एकट्या गेल्या. आंघोळ गळ्यापासून खाली. उशीवर रोज धुतलेलं कोशाचं कापड. खाज फारच आली की डोक्याभोवती हाताने नुसता वारा घालायचे. भर हिवाळ्यात छत्री घेऊन संडासाला जायचे. "ही उलटी रोवणी हाये, सिस्टर," म्हणायचे, "हिले पानी चालत नाही."

"तिकडे बाप उपाशी आहे आणि तुम्ही डोकं सांभाळता?" मी म्हटलं.

"त्यायच्यासाठीच तर सांभाळून राहिलो. पक्कं झालं म्हंजे दिसन त्यायले नीट. केस हायेत म्हनून समजन. मंग उठतीन." त्यांचे डोळे भरून आले होते हे मला आता आठवतं. त्यांचं गणित चुकलेलं नव्हतं, फक्त त्याला वेळ हवा होता आणि आबाजींकडे तो दिसत नव्हता.

मग बाजाराचा दिवस आला. पहाटेचं धुकं माझ्या खोलीतून ओसरीपर्यंत गेलं होतं, समोरचं अंगणसुद्धा दिसत नव्हतं. मी दार उघडलं तर काका पितळी वाटी घेऊन उभे. वाटीत जवसाचं तेल. त्यांनी आबाजींना बाजेवरून उचललं, अगदी हलके झाले होते ते, आणि वरच्या पायरीवर भिंतीशी टेकवून बसवलं. वाटी बाजूला ठेवली. आणि स्वतः खालच्या पायरीवर, पाठ करून बसले.

"बाबा, आज बाजार हाये."

मी पुढे झाले. "काका, नका. आत्ताच खपल्या धरल्या आहेत. सगळं निघून जाईल."

"जाऊ द्या, सिस्टर."

आबाजी धुक्याकडे बघत होते. पण हात त्यांना विचारून थोडाच चालतो? इतक्या वर्षांची सवय. उजवा हात आपणहून वाटीकडे गेला, बोटं तेलात बुडाली, आणि मुलाच्या डोक्यावर आली. कपाळापासून मागे. आणि मध्यावर थांबली.

पुन्हा पुढे आली. पुन्हा मागे गेली. मग दुसरा हातही आला. म्हातारा डोळे मिटून दहाही बोटांनी डोकं चाचपू लागला, चिखलात हात घालून रोप बसलं की नाही बघावं तसा.

"हे का हाये रे?" आवाज घोगरा होता. "खरबडीत लागून राहिलं. बारीक बारीक. सगळीकडं."

त्या टिंबांवर धरलेल्या खपल्या होत्या, हे मला माहीत होतं. पण मी ते सांगितलं नाही.

"कोंब आले," आबाजी म्हणाले. "अरे, कोंब आले रे! मी म्हनत नव्हतो? बीज हाये आत म्हनून?" आणि ते चोळायला लागले. काय चोळलं! वाटी संपेपर्यंत. तेल काकांच्या कानांवरून, मानेवरून सदऱ्यात ओघळलं, त्यात बारीक काळे कण मिसळलेले मला दिसत होते. काका मान खाली घालून बसले होते आणि खांदे हलत होते.

मध्येच आबाजींचे हात थांबले. त्यांना काहीतरी सुचलं होतं. "मेलेल्या मानसाच्या हातानं काही उगवत नसते," ते स्वतःशीच म्हणाले. मग मान तिरकी करून दाराकडे वळले आणि त्यांचा जुना, खणखणीत नसला तरी ओळखीचा आवाज निघाला, "सूनबाई, पेज दे वं. भूक लागली मले."

काकू दारातच उभ्या होत्या. पेजेचं भांडं केव्हापासून त्यांच्या हातात होतं कोण जाणे. त्या दिवशी दुकान बाजारात गेलं नाही.

खपल्या अर्थातच निघाल्या. बाकी डोक्यावर रंग बऱ्यापैकी टिकला, पण टाळूवर, जिथे म्हाताऱ्याचे दोन्ही तळवे दाबून बसायचे, तिथे एक फिकट डाग राहिला. पुढच्या बैठकीला काका नागपूरला गेले तेव्हा बाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं, आणि ती जागा भरायला मशीन हातात घेतलं. काकांनी हाताने टाळू झाकली. "बाकी सगळं करा, बाई. तेवढी बांधी राहू द्या." बाईंना वाटलं, दुखतं म्हणून घाबरले.

त्यानंतर आबाजी आणखी दोन हिवाळे जगले. नजर पूर्ण गेली, पण बाजाराचा दिवस ते चुकले नाहीत. कोंब लवकरच गुळगुळीत झाले होते, तरी त्यांची तक्रार नव्हती. "पऱ्हे धरले हायेत. आता वाढाले वेळ लागन," म्हणायचे. आणि एकदा, माझ्यासमोर, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी बजावलं, "मी मेलो खरंच, तर डोस्कं करू नोको. धरलेले पऱ्हे कोनी उपटते का?"

ते गेले तेव्हा माझी बदली पवनीकडे आसगावला झाली होती. मी तेरवीला गेले. काकू म्हणाल्या, दहाव्याला नदीवर न्हावी वस्तरा घेऊन उभा राहिला, गावातली मोठी माणसं समजावून थकली, पण काका बधले नाहीत. "बाबानं मना केलं." एवढंच. रोज दाढीबरोबर साफ करायची बाजूची झालरही त्या दिवसापासून त्यांनी सोडून दिली. ती वाढली, पांढरी झाली, कानांवर आली. वर टिंबांची काळसर सावली, खाली पांढऱ्या केसांचा घेर. नागपूरच्या बाईंनी हे पाहिलं असतं तर त्यांना रडू आलं असतं. तिथून गावात ते वाक्य तयार झालं.

मागच्या हिवाळ्यात मी आंधळगावला मुद्दाम बाजाराच्या दिवशी गेले. ताडपत्री पहिल्याच रांगेत होती, आरसे रस्त्याकडे तोंड करून. काका गिऱ्हाइकाच्या पाठीमागचं आभाळ बघत होते. टिंबं आता फिकी, निळसर झाली आहेत. टाळूवरचा डाग तेवढा तेलाने चमकत होता.

"रोज लावता?" मी विचारलं.

"रोज नाही. बाजाराच्या दिवशी."

चहा मागवला. मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले आणि जुन्या सवयीने विचारलं, "मग काका, आज स्वप्नात केस किती लांब होते?"

त्यांनी एक कंगवा उचलला, डोक्यावरून फिरवून पाहिला, खाली ठेवला.

"आता सपनात केस नसतेत, सिस्टर. टकलाच असतो मी. खालच्या पायरीवर बसून असतो. मांगून बाबा हात फिरवून राहिलेले असतेत. मी म्हनतो, बाबा, हळू, निघून जाईन सगळं." समोर एक बाई आरशात बघून टिकली सरळ करत होती.

"मग आबाजी काय म्हणतात?"

"म्हनतेत, जाऊ दे. अजून येईन."